व्हरांडा मोजताना

सोलापूर जिल्ह्यातली जुनी सरकारी इमारत मोजायला घेतली की मी पहिली टेप व्हरांड्यात लावते. महाविद्यालयात शिकवलेला क्रम वेगळा आहे. आधी बाहेरची लांबी-रुंदी, मग कर्ण, मग एकेक खोली. पण इथे उन्हाळ्यात बाहेरच्या भिंतीशी दहा मिनिटंसुद्धा टिकाव लागत नाही. व्हरांडा मात्र पहाटेपासून उघडा असतो, सावलीत असतो आणि इमारतीची बहुतेक दारं त्याच्यावरच उघडतात. तिथे बसून राहिलं की इमारत हळूहळू समजायला लागते. बरीच वर्षं हेच काम केल्यावर माझं ठाम मत झालंय की आपल्याकडच्या दगडी कचेऱ्या आणि दवाखाने बांधणाऱ्यांनी सगळ्यात जास्त डोकं व्हरांड्यासाठी खर्च केलं होतं, आणि आपण दुरुस्तीच्या नावाखाली सगळ्यात आधी तोच गिळतो.

माझं काम नकाशे करण्याचं. जुनी रुग्णालयं, तालुक्याच्या कचेऱ्या, शाळा, लोकल बोर्डाच्या काळातले दवाखाने, धर्मशाळा. आधी मोजमाप घ्यायचं, मग कुठला दगड फुटलाय, कुठली तुळई वाकलीय, ओल कुठून चढलीय ते कागदावर उतरवायचं, आणि शेवटी दुरुस्तीचा अंदाज मांडायचा. सोबत एक मिस्त्री असतात. वडार समाजातले, तीन पिढ्या दगडाच्या कामात गेलेल्या. मी त्यांना मामा म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. भिंतीच्या पोटात काय आहे ते मला कागदावरून कळतं, त्यांना हातोडीच्या आवाजावरून. घट्ट भिंत टणटणते. आतली भर सुटली असेल तर आवाज बद्द येतो. असा आवाज आला की मामा थांबतात, दोनदा ठोकून खात्री करतात आणि खडूने फुली मारतात. माझ्या नकाशांवरच्या अर्ध्या खुणा त्या फुल्यांवरून आलेल्या आहेत.

व्हरांड्याचं शहाणपण समजायला आधी इथलं ऊन समजून घ्यावं लागतं. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ उत्तर. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे इंग्लंडातला माणूस जी भिंत कायमची थंड धरून चालतो, त्या उत्तरेच्या भिंतीलाही आपल्याकडे उन्हाळ्यात ऊन लागतं. म्हणून ऐपत असेल तिथे व्हरांडा चारही बाजूंनी फिरवलेला दिसतो. जिथे पैसा कमी पडला तिथे निदान दक्षिण आणि पश्चिम तरी झाकलेली असते. मला एखाद्या इमारतीच्या बांधकामाचा खर्च कुठेच लिहिलेला मिळाला नाही, तरी तेव्हा हात किती आखडता घेतला होता याचा अंदाज व्हरांडा किती बाजूंना आहे यावरून करता येतो.

दुसरी गोष्ट दगडाची. आपला दगड काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. जड आणि दाट. बाहेरून घडीव दगडाचा एक थर, आतून दुसरा, आणि मध्ये चुन्यात बसवलेली कपऱ्यांची भर, अशी दीड ते दोन फुटांची भिंत. ती तापायला वेळ लागतो आणि एकदा तापली की निवायलाही तेवढाच वेळ लागतो. दुपारी बाहेरून शिरलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला दहा-बारा तास घेते, म्हणजे खोलीत ती उतरते मध्यरात्रीच्या सुमाराला. अशा भिंतीवर दिवसभर थेट ऊन पडू दिलं तर रात्री त्या खोलीत आजारी माणूस झोपू शकणार नाही. व्हरांडा भिंतीवर ऊन पडूच देत नाही. आणि छताजवळचे झरोके रात्री उघडे ठेवले की जी काही ऊब आत आली असेल ती वरून निघून जाते. व्हरांडा, जाड भिंत आणि उंचावरचा झरोका ही तिन्ही मिळून एकच रचना आहे. त्यातलं एक काढलं की उरलेली दोन उलटी वागायला लागतात.

हे सगळं इथे आलं कुठून? अर्धं इथलंच होतं. वाड्यांना सोपा होता, घरांना ओसरी होती, देवळांच्या आवाराला ओवऱ्या होत्या. उरलेलं अर्धं लष्करी बराकी आणि रुग्णालयांच्या मार्गाने आलं. क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेलने स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात जे मरण पाहिलं, त्यातून १८५९ साली तिचं ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ हे पुस्तक आलं. तिचं म्हणणं असं की वॉर्ड लांब आणि अरुंद हवा, दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर खिडक्या हव्यात, खाटांमध्ये अंतर हवं आणि एक वॉर्ड दुसऱ्याला चिकटलेला नसावा. तिच्या या आग्रहामागे त्या काळची अशी समजूत होती की रोग दूषित हवेतून उपजतो. रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा आणि १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला, आणि ती समजूत मागे पडली. मात्र क्षयासाठी वाहत्या हवेची गरज खरीच ठरली. करोनाच्या साथीत डॉक्टर पुन्हा ‘खिडक्या उघडा’ म्हणायला लागले, तेव्हा मला ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे समोरासमोरच्या खिडक्यांचे नकाशे आठवले.

आपल्या जिल्ह्यात पटकी हा पुस्तकातला रोग नव्हता. एकोणिसाव्या शतकात आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात साथ यायची आणि परतणाऱ्या वारकऱ्यांबरोबर गावोगाव पसरायची. सरकारला तिची मोठी धास्ती होती. हवा, पाणी, गर्दी आणि अंतर यांचा विचार इथल्या दवाखान्यांच्या आखणीत दिसतो, त्यामागे ती धास्तीही आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ नंतर सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं आणि मुंबई इलाख्यात एकसारख्या घाटाच्या इमारती दिसू लागल्या. मोठ्या शहरांत नावाजलेले स्थापत्यकार होते. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७ चं, कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्सने केलेलं. मुंबईचं जुनं सचिवालयही त्याचंच. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ चं, खानबहादूर मंचेरजी मर्झबान यांचं. तालुक्याच्या गावाला असा स्थापत्यकार कुठून मिळणार? तिथे खात्याचा ओव्हरसियर नकाशा घेऊन यायचा आणि उरलेलं गावच्या गवंड्यावर सोपवायचा. दगड शिवारातला, चुना काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीचा. रेल्वे सोलापुरात १८६० साली पोचली, आणि त्या मार्गावरच्या शहाबादची फरशी इथल्या इमारतींच्या पायाखाली आली. मंगलोरी कौलांचा पहिला मोठा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, तीही पुढे या छपरांवर चढली. अशा साध्या, सही नसलेल्या इमारतींवर माझा जीव जास्त आहे. ससूनवर लिहायला पुष्कळ माणसं आहेत.

या व्हरांड्यांबद्दल मला निव्वळ प्रेमानं बोलता येत नाही, कारण एका भोकाने मला ते बोलू दिलेलं नाही.

एका जुन्या इमारतीत दाराच्या वर, छताच्या बरंच खाली, भिंतीत आरपार गेलेलं मुठीएवढं भोक होतं. पहिल्यांदा मला ते विजेच्या तारांसाठी पाडलेलं वाटलं. मामांनी शिडीवर चढून आत बोट घातलं आणि म्हणाले, “मॅडम, हे फोडलेलं नाही, घडवलेलं हाय. कडा बघा की.” खालची कड गुळगुळीत झाली होती आणि तिच्यात बोटाएवढी खाच पडली होती. ती खाच दोरीची. आत छताला टांगलेल्या कापडी पंख्याची दोरी या भोकातून बाहेर व्हरांड्यात यायची आणि तिथे बसलेला माणूस ती तासन्‌तास ओढायचा. आतल्या साहेबाला वारा मिळायचा, बाहेर बसलेल्याला नाही. दोरी कापसाची किंवा काथ्याची, दगड बेसॉल्ट. त्या दगडात खाच पडायला किती वर्षं आणि किती माणसांचे हात लागले असतील? त्यांची नावं कुठल्याही हजेरीपटात मला सापडलेली नाहीत. नकाशात मी त्या भोकाचं वेगळं मोठं चित्र काढलं, मापासकट, आणि शेजारी ‘पंख्याच्या दोरीची खाच’ असं लिहिलं.

व्हरांडा उन्हासाठी बांधला हे खरंच आहे. पण ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांना थांबवण्यासाठीही तो बांधला होता. पट्टेवाला, पंखा ओढणारा, अर्ज घेऊन आलेला शेतकरी, जात विचारून दूर बसवलेला रोगी. आतली खोली साहेबाची आणि बाहेरची पडवी रयतेची, अशी ती वाटणी होती. पुढे झालं असं की ज्यांना बाहेर ठेवलं होतं त्यांनीच ती जागा आपली करून टाकली. आज कुठल्याही सरकारी रुग्णालयात जा. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, धाराशिव, लातूर, विजयपूर, कलबुर्गी इथून रोगी येतात. एका रोग्यामागे दोन-तीन माणसं असतात. रोग्याला खाट मिळते. त्यांना काय मिळतं? भिंतीला टेकायची जागा आणि डोक्यावर छप्पर, तेही मिळालं तर. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत तिथे एकमेकांच्या रोग्याची चौकशी चालते. देवळाच्या ओवरीत जसं कुणीही आलेला वाटसरू न विचारता पथारी टाकतो, तसं ही माणसं रुग्णालयाचा व्हरांडा वापरतात.

हे मला नीट दिसलं ते जिल्ह्याबाहेरच्या एका तालुक्याच्या गावी. जुनं दगडी रुग्णालय, चारी बाजूंनी व्हरांडा, नाव घेत नाही. आम्ही मोजत होतो आणि आमच्या टेपच्या वाटेत माणसं बसलेली होती. एका आजींना मी म्हटलं, जरा सरकता का. त्या सुनेच्या बाळंतपणाला आल्या होत्या, फडक्यात भाकरी बांधलेली होती. म्हणाल्या, “थांब की बाई, दहा वाजले की आम्हीच उठतो.” का, विचारलं तर म्हणाल्या, “सकाळी आम्ही हिकडं. ऊन वर आलं की तिकडनं वारं लागतंय, मग तिकडं. दुपारून परत मागच्या अंगाला. ऊन फिरलं की आम्ही फिरतो.”

त्यानंतर मी टेप बाजूला ठेवली आणि कागदावर दर दोन तासांनी माणसं कुठे बसलीत ते मांडत गेले. सकाळी पश्चिमेची बाजू भरलेली. अकराच्या पुढे उत्तरेकडून लोक कोपऱ्यांकडे सरकले, कारण तिथे दोन्ही बाजूंचा वारा मिळतो. तीननंतर पूर्वेला पाऊल ठेवायला जागा नव्हती. रात्री मात्र बहुतेक जण वॉर्डाच्या दाराशी, कारण तेव्हा उन्हाचा प्रश्न नव्हता, आत हाक मारली तर ऐकू यायला हवी होती. इमारत बांधणाऱ्याने जो विचार कागदावर केला असेल, तो आता ही माणसं अंगाने करत होती, आणि तोही चूक न करता. माझ्या कपाटातल्या सगळ्या नकाशांत तो कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

त्या इमारतीची दक्षिणेची बाजू मात्र रिकामी होती, कारण तिथे व्हरांडाच उरला नव्हता. कमानींच्या मधे विटा रचून, वर अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवून त्याची जुन्या कागदपत्रांची खोली केली होती. हे असं का होतं, त्याचं कारण कुणाच्या दुष्टपणात नाही, हिशोबाच्या रकान्यात आहे. कचेरीला किंवा रुग्णालयाला जागा किती आहे हे मोजताना चटईक्षेत्र मोजतात, आणि चटईक्षेत्रात व्हरांडा धरत नाहीत. त्यामुळे कागदावर व्हरांडा ही न वापरलेली जागा ठरते. नवी खोली बांधायला पाया, जोतं, छत सगळं लागतं. व्हरांड्याला छप्पर आधीच आहे, फरशी आहे, एक भिंतही आहे. फक्त पुढची बाजू बंद करायची. पैसे कमी, जागेची मागणी रोजची, आणि समोर ही आयती जागा. कुठलाही अधिकारी हेच करेल. म्हणून मी भांडण अधिकाऱ्याशी करत नाही, रकान्याशी करते.

बंद केलेल्या त्या खोलीत पुढे काय झालं ते भिंतीने सांगितलं. विटांच्या जोडीला जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांतही सिमेंट भरलं होतं आणि जोत्याला सिमेंटचा गिलावा दिला होता. चुन्याचा सांधा ओल शोषतो आणि हवेला परत देतो. सिमेंटचा सांधा ओल कोंडतो. जमिनीतून चढलेलं पाणी मग वर-वर वाट शोधतं आणि जाताना क्षार मागे ठेवतं. खिडकीच्या उंचीपर्यंत लोणा लागला होता. दगडाच्या तोंडावरचे पापुद्रे नखाने निघत होते. मामांनी खालच्या एका सांध्यातलं सिमेंट छिन्नीने उडवलं, तर मागचा चुना ओलाकच्च निघाला. “वरनं कोरडी दिसती, पण आतनं सडलालीय मॅडम,” ते म्हणाले. कपाटातल्या गठ्ठ्यांना बुरशी आली होती. कागद जपायला केलेल्या खोलीने कागद खाल्ले, आणि तिच्या पलीकडच्या वॉर्डाला दक्षिणेचा वारा मिळायचा बंद झाला तो वेगळाच.

दुरुस्ती म्हणजे त्याच मार्गाने उलटं जाणं. सिमेंट अलगद काढायचं, भिंत एखादा कोरडा हंगाम सुकू द्यायची, मग चुन्याने दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्या. चुना तयार करणं आता फार थोड्या जणांना येतं. कळीचा चुना पाण्यात विझवताना तो खदखदतो, वाफ येते, जवळ उभं राहवत नाही. विझलेला चुना बरेच दिवस पाण्याखाली मुरू द्यायचा. मग वाळू आणि विटांची सुर्खी घालून घाणीत मळायचा. जुन्या काळी दगडी चाकाची घाणी बैल फिरवायचे. आम्ही छोटी विजेची घाणी वापरतो. मामा त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालतात, त्याचं प्रमाण हाताने ठरवतात आणि उन्हाळ्यात, पावसाळ्यात ते बदलतात. मी प्रमाण लिहून घेते. ते म्हणतात, लिहा, पण चुना हातात घेऊन बघायला कुणाला तरी शिकवा. दोन तरुण पोरं आता त्यांच्या हाताखाली आहेत, आणि या कामातली मला सगळ्यात आशा देणारी गोष्ट तीच.

चुन्यात काय ताकद असते ते बघायला सोलापूरकराला लांब जायची गरज नाही. इंद्रभुवन समोरच आहे. व्यापारी मल्लप्पा वारद यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात उभी केलेली ही राजेशाही वास्तू. तिचं दर्शनी नक्षीकाम बघताना मान दुखते तरी नजर हटत नाही. सोलापूरची नगरपालिका १८५२ ची, महानगरपालिका झाली १ मे १९६४ रोजी. आणि हे खाजगी घर पुढे शहराच्या कारभाराचं घर झालं. गेल्या काही वर्षांत तिची जतन-दुरुस्तीही झाली. एका धनवानाच्या पोर्चखालून आज पाणीपट्टी भरायला आलेला विणकर चढून जातो, याचा मला दरवेळी आनंद होतो. मात्र शहराच्या कारभाराचा सगळ्यात मोठा क्षण या वास्तूत घडलेला नाही. ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकवला गेला, अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते, तेव्हा पालिका इथे नव्हती. पुढच्याच महिन्यात शहरावर लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. शहराची सार्वजनिक वास्तू म्हटलं की मला नक्षीइतकाच तो ध्वज आठवतो.

डफरीन रुग्णालयाची गोष्ट वेगळी आहे. सोलापुरात डफरीन चौक सगळ्यांना ठाऊक, आणि ‘मी डफरीनला जन्मले’ म्हणणारं माणूस बहुतेक गल्ल्यांत भेटतं. नाव आलं ते व्हाइसरॉय लॉर्ड डफरीनच्या पत्नीवरून. स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून तिने १८८५ साली निधी उभारला आणि देशभर त्या नावाची रुग्णालयं निघाली. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या ते १८८६ साल, म्हणजे काळ अगदी हाच. पडद्यातल्या स्त्रीला पुरुषाच्या नजरेतून न जाता डॉक्टरीणबाईपर्यंत पोचता यावं ही अशा रुग्णालयांची पहिली गरज होती. म्हणून तिथे वेगळी वाट, आडोसा आणि आतल्या अंगणाकडे उघडणारा व्हरांडा यांचा विचार करावा लागे. बाहेरच्या रस्त्याकडे पाठ केलेला व्हरांडा. तो उन्हासाठी असतोच, पण बाळंतिणीला चार पावलं चालता यावीत, केस वाळवता यावेत, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी दोन शब्द बोलता यावेत यासाठीही असतो. प्रसूतिगृहं मोजताना मी याकडे नेहमी लक्ष देते. नव्या इमारतींत वॉर्डाबाहेर पाय टाकला की थेट मार्गिका लागते, आणि मार्गिकेत थांबलं की कुणीतरी ‘वाट सोडा’ म्हणतं.

दगडाचं एवढं कौतुक करताना मी भैय्या चौकाकडेही बघते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. त्या चौकातलं त्यांचं घर स्मारक म्हणून जपलंय. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. युद्धाच्या धामधुमीत, खेड्यापाड्यांत, मिळेल त्या छपराखाली त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. रुग्णालय भिंतींनी होत नाही हे ज्या शहराच्या मुलाने दाखवलं, त्या शहरात मी भिंतींची काळजी करते. मला यात विरोध वाटत नाही. भिंत नसतानाही त्यांनी रोग्याला जपलं, मग भिंत असताना तिने रोग्याला त्रास देऊ नये एवढं तरी आपण बघावं.

त्या तालुक्याच्या रुग्णालयात पुढे बैठक झाली. दक्षिणेचा व्हरांडा मोकळा करावा असं मी मांडलं. पहिली हरकत मेट्रन सिस्टरांनी घेतली आणि ती रास्त होती. त्या म्हणाल्या, “तुम्ही उघडा कराल, पण रात्री कुत्री आत येतात, चोऱ्या होतात, नातेवाईक वॉर्डात शिरतात. आणि माझे कागद मी कुठं ठेवू?” जुनी इमारत परिचारिकेला दमवते, हेही त्यांनी सांगितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रात्रभर चालून पाय सुजतात. जुन्या वास्तूंवर लिहिणारे आम्ही लोक हे फार क्वचित विचारतो. मग कमानींना विटांऐवजी लोखंडी जाळीची दारं बसवायचं ठरलं, रात्री बंद आणि दिवसा उघडी. मधल्या खोलीत सिस्टरांचं टेबल आलं. कागद कोरड्या उत्तरेच्या खोलीत गेले. विटा निघाल्या तेव्हा आत जुनी फरशी शाबूत निघाली.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक अंदाजपत्रकात एक जादा तक्ता असतो: व्हरांड्याची कुठली बाजू, कुठल्या वेळी, कोण वापरतं. चटईक्षेत्रात तो धरला जात नाही, म्हणून मी त्याचं वेगळं पान जोडते. सध्या एका नव्या रुग्णालयाच्या आराखड्यावर सल्ला देतेय. पश्चिमेला आठ फूट खोल व्हरांडा, बसायला दगडी कट्टा, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि रात्रीचा दिवा अशी मागणी मी केली. कट्टा, नळ आणि दिवा मान्य झाले. खोली आठवरून सहा फुटांवर आणावी, अशी सूचना आलीय. वळचण सात फुटांवर धरली तर मे महिन्यात दुपारी तीन वाजता ऊन फरशीवर पाच फुटांच्या पुढे येतं. सहा फुटी व्हरांड्यात भिंतीलगत फूटभरही सावली उरत नाही. आठ फुटीत माणूस भिंतीला लागून आडवा होऊ शकेल एवढी उरते. हे गणित आकृतीसह मी लिहून पाठवलं आहे.